आपली सेवा करून घ्या: नवशिक्या वाडीसाठी मार्गदर्शन

कर्जत-खालापूरच्या वाडीची आज ना उद्या सेवा होणारच. मुंबई-पुण्याच्या मधोमध राहायचं आणि सेवेतून सुटायचं, हे जमत नाही. कॉलेजं येतात, कंपन्या येतात. पण सगळ्यात वरची इयत्ता म्हणजे परदेशातल्या चर्चचं चाळीस जणांचं पथक. तुमची पहिलीच खेप असेल तर घाबरू नका. सांगतो तसं करा.

१. माणसं जमवून ठेवा. पथक जानेवारीत येतं, कारण तेव्हा इथली हवा छान असते. नेमकी तेव्हाच कातकरीवाडी ओस पडलेली असते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हरकत नाही. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्याकडे ठेवलेली पोरं आणि शेजारच्या ठाकरवाडीतून उसनी आणलेली दहा-बारा माणसं एवढ्यावर भागतं. पाहुण्यांना फरक कळत नाही.

२. विटा उचलू द्या. पथक संडास बांधणार. ट्रक रस्ता संपतो तिथे विटा टाकून जाईल. मग चाळीस जण रांग लावून, गाणी म्हणत, त्या हातोहात वर चढवतील. बाजूला बसून बघा, पण हसू नका. विटा पाडायला तुमची माणसं वाडी सोडून गेली आणि त्याच उचलायला हे समुद्र ओलांडून आले. यात काहीतरी चुकतंय असं वाटलं तर घोटभर पाणी प्या, वाटणं जाईल. निघायच्या दिवसापर्यंत भिंत कमरेला लागते. पैसे उरले तर पुढचं गवंडी बघतो. नाही उरले तर शेळ्यांना आडोसा झाला.

३. शाळेची भिंत रंगवू द्या. गेल्या वर्षी कंपनीने काढलेलं फुलपाखरू अजून धडधाकट आहे, हे बोलू नका. त्याचा पोपडा उडाला की खाली त्याआधीच्या कॉलेजचं सूर्यफूल निघतं आणि त्याच्याही खाली सर्व शिक्षा अभियानाची, पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं. पत्रा गळतो तो गळतोच. पण पत्रा फोटोत येत नाही.

४. तालुक्याहून कोणीतरी दरडावायला येईल, "बाटवायला आलेत का हे?" त्याला चहा द्या आणि सांगा, टुरिस्ट व्हिसावर धर्मोपदेशाला मनाई आहे, म्हणून बिचारे मूकनाट्य करतात. शिवाय बाटवायला सवड लागते. १८१३ साली अमेरिकेहून मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल मराठी शिकला, गावोगाव पायपीट केली आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने इथेच मेला. आपल्या पथकाचं गुरुवारी माथेरान आहे.

५. निरोपाला पाहुणे रडतात. रडू द्या. "काहीच नसताना तुम्ही किती आनंदी आहात," असंही म्हणतील. दुभाषा एवढं वाक्य गाळतो. भला माणूस आहे, त्याला जेवूनच पाठवा.

६. "पुढच्या वर्षी काय हवं?" असं पाळकसाहेब विचारतील. 'एप्रिलात या, विहीर उपसायची आहे,' असं तोंडातून जाऊ देऊ नका. एप्रिलात त्यांना ऊन लागतं. जुलैचंही नाव काढू नका. झोळीत घातलेला आजारी माणूस चिखलातून खाली न्यायला चाळीस जोड्या खांदे कामी आले असते खरे, पण पावसात रंग वाळत नाही. भर पावसात रांगा लावून माणसं वर चढली ती इर्शाळवाडीला. त्यासाठी १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली यावा लागला. तेव्हा तूर्त 'वह्या' म्हणा. वह्या त्यांनी आणलेल्याच असतात.

७. प्रत्येक पथकात एखादी मुलगी गिटार सोडून चुलीपाशी आजीला लाकडं सारत बसते आणि फोटोच्या वेळी सापडत नाही. तिला हेरा. संध्याकाळी विहिरीवर न्या, भरलेला हंडा डोक्यावर द्या आणि चढाला लावा. मध्ये कुठेही हंडा घेऊ नका, तिने कितीही मागे वळून पाहिलं तरी. पुढच्या खेपेला रंगाच्या डब्यांऐवजी पाइप येण्याचा तेवढाच एक मार्ग आहे.