जलदेवतेचे उपासक

१८६० साली विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा असे जलाशय सिद्ध करून ज्यांनी मुंबईची तृषा शमविली, त्यांना आम्हां उपनगरवासीयांच्या प्रतिभेची कल्पना नसावी. मैलोन् मैल मजल मारून आलेले तानशाचे पाणी मुलुंड-घाटकोपरच्या मुलखात पोचले आणि आमच्या नळाने पहाटे पहिला सुस्कारा टाकला, की तळमजल्यावरचे एक सद्गृहस्थ त्या नळाला थेट मोटर लावतात आणि वरच्या मजल्यांच्या वाट्यास निव्वळ हवा येते. तपासनिसाची वर्दी मिळताच मोटरीवर पिंप पालथे पडते, पिंपावर तुळशीची कुंडी चढते आणि सद्गृहस्थ अत्यंत भाविकपणे त्या कुंडीला पाणी घालू लागतात. (तेही नळाचेच!) पवई तलावाचे पाणी पिण्यास अयोग्य ठरून जमाना लोटला, तथापि आमच्या भक्तीत खंड नाही, सांडपाण्याचा अभिषेक आणि निर्माल्याचा नैवेद्य तेथे बिनबोभाट चालू आहे. मोटर अद्याप जप्त झालेली नाही. वरच्या मजल्यांकडून टँकरची वर्गणी गोळा करण्याचे काम मात्र सोसायटीने सर्वानुमते त्याच सद्गृहस्थांकडे सोपविले आहे.