नुसती गंमत म्हणून

मराठी मध्यमवर्गात जुगार कोणी खेळत नाही. जुगार खेळणारे वेगळे. ते गल्लीच्या टोकाला, पडक्या शेडमध्ये असतात आणि पोलिसांची गाडी दिसली की चपला टाकून पळतात. आपण दिवाणखान्यात गादी घालून, पंखा तीनवर ठेवून, नुसती गंमत म्हणून तीन पत्ती खेळतो. पैसे लावतो, पण ते पैशांसाठी नव्हे. पैसे लावले नाहीत तर मजा येत नाही म्हणून. हा युक्तिवाद शकुनीला सुचला नाही याचंच नवल वाटतं. त्याचं निम्मं काम वाचलं असतं.

धर्मानंही आपली सोय पाहिलेली आहे. बलिप्रतिपदेचं एक जुनं नाव द्यूतप्रतिपदा. कोजागरीच्या जागरणाला फासे चालतात. गणपतीत रात्रभर मूर्तीपाशी जागायचं तर मांडवामागे पत्ते पिसले जातातच. वर्षाच्या या चार-दोन परवानग्या आपण ताणताणून सगळ्या शनिवारांवर पसरल्या आहेत. पत्ते बावन्न, शनिवारही बावन्न. योगायोगावर आपली श्रद्धा आहेच.

असा डाव आपल्याही घरी बसावा असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा पहिला सल्ला म्हणजे तसं वाटू देऊ नका. तरी वाटलंच, तर पुढे वाचा.

आधी बूट ठरवावा लागतो. पत्ते वाटण्यापूर्वी प्रत्येकानं मध्ये टाकायची ती रक्कम किती असावी, यावर ग्रुपवर बुधवारपासून चर्चा सुरू होते. रुपया म्हणणारे काका बँकेतून निवृत्त झालेले असतात आणि दोन फ्लॅटचं भाडं घेत असतात. दहा म्हणणारा हिंजवडीचा भाचा अजून आईच्या वायफायवर असतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कितीही चालतं, पण 'आमच्या ह्यांना विचारून सांगते' म्हणून त्या शुक्रवारपर्यंत गायब होतात. शेवटी बूट दोन रुपये, चालीची कमाल वीस, मध्ये चारशे जमले की शो सक्तीचा, असा तह होतो. याच माणसांनी फ्लॅट घेताना बिल्डरशी इतकी घासाघीस केली असती तर आज पार्किंग मिळालं असतं.

मग सुट्ट्या पैशांचा प्रश्न. हल्ली भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, तिथे आठ माणसांना पुरेल एवढी चिल्लर यजमानानं आणायची कुठून? आमच्या लहानपणी चिंचोके असत, काड्यापेटीतल्या काड्या असत. आता भाचा अ‍ॅल्युमिनियमची पेटी घेऊन येतो. पेटीत लाल-निळ्या-हिरव्या चिप्स, दोन कोरे कॅट आणि 'डीलर' असं छापलेली एक पांढरी चकती. त्याचा बेत टेक्सास होल्डम पोकरचा असतो. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे, मध्ये पाच उघडे. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच मिळून सातांतून उत्तम पाच निवडायचे.

काका शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "मधले पाच कोणाचे?"

"सगळ्यांचे, काका."

"सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाहीत."

सामाईक मालमत्तेवरचा हा अविश्वास सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीपाशी, किल्लीवरून झालेल्या भांडणांत तयार झालेला आहे. तो एका शनिवारात जाणार नाही. अर्ध्या तासात पोकर बारगळतं आणि तीन पत्ती सुरू होते. पेटी मात्र वापरली जाते, कारण चिप्स टाकल्या की टक् असा भारदस्त आवाज येतो आणि दोन रुपयांना दोनशेची ऐट येते.

तीन पत्तीत बुद्धी लागते असं सगळे सांगतात. गणित काय सांगतं ते पाहा. एका कॅटमधून तीन पत्त्यांचे 22,100 हात निघतात. त्यांतले 16,440 निव्वळ कचरा. जोडी नाही, कलर नाही, सिक्वेन्स नाही. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन वेळा आपण एक्क्याच्या किंवा राजाच्या जिवावर, चेहरा गंभीर ठेवून, पैसे टाकत असतो. काकांचं दुःख आणखी सूक्ष्म आहे. ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, यायचे प्रकार 52. प्युअर सिक्वेन्सचे 48. दुर्मीळ प्युअर सिक्वेन्स आणि मोठी मात्र ट्रेल, हा उघड अन्याय आहे असं ते कागदावर मांडून सिद्ध करतात. त्यांचं गणित चोख आहे. ते त्यांना आठवतं मात्र स्वतःची प्युअर सिक्वेन्स ट्रेलपुढे पडल्यावरच.

काकांना पत्ते बघताना बघणं हा वेगळा कार्यक्रम आहे. ते तिन्ही पत्ते एकावर एक चिकटवून डाव्या हातात धरतात, चष्मा कपाळावर चढवतात, नाकाजवळ आणतात आणि वरचा पत्ता अंगठ्यानं सरकवू लागतात. आधी नुसता काळा ठिपका दिसतो. मग इस्पिक की किलवर यावर क्षणभर विचार होतो. मग आकड्याची शेपटी. मागची दुर्री बाहेर येईपर्यंत समोरचा चहा निवलेला असतो आणि भाच्यानं फोनवर दोन मेलांना उत्तरं दिलेली असतात. 'पॅक' म्हणून ते पत्ते टाकतात, तेही आपण फार मोठा सापळा चुकवला अशा थाटात. खरोखरच काही आलं असेल तर मात्र ते पत्त्यांकडे दुसऱ्यांदा बघत नाहीत. त्यांचा हात वेफर्सच्या बशीकडे जातो. काकांनी वेफर उचलला की सगळं टेबल पॅक. एकदा ट्रेल येऊनही त्यांना नुसते बुटाचे पैसे मिळाले, आणि आपलं कुठे चुकलं यावर त्यांनी अर्धा तास चर्चा केली. तोंडात वेफर होताच.

जिंकतात त्या यजमानीणबाई. कारण त्या पत्ते बघतच नाहीत. तीन पत्तीत न बघता खेळणारा ब्लाइंड. तो जेवढे टाकेल त्याच्या दुप्पट पत्ते बघितलेल्याला टाकावे लागतात. बाईंचे हात साबुदाण्याच्या पिठात असतात. त्या स्वयंपाकघरातूनच 'माझे दोन टाका' म्हणून ओरडतात आणि वडा उलटतात. इकडे राणीची जोडी घेऊन बसलेल्या भाच्याला दर खेपेला चार टाकावे लागतात. तेल तापतंय, चाल वाढतेय, बाई अजून आतच. भाच्यानं पोकरवर परदेशी माणसांचे तासन्‌तास व्हिडिओ पाहिलेले असतात, पण समोर रिकामी गादी आणि आतून झाऱ्याचा आवाज, या परिस्थितीवर त्यांत काही नसतं. तो पॅक होतो. बाई पदराला हात पुसत येतात, आपले पत्ते उलटून बघतात. पंजी, सत्ती, नव्वी. तिघी तीन रंगांच्या.

"हे काय असतं रे?" म्हणून त्या ढीग ओढतात आणि पुन्हा आत जातात. एवढ्या बुद्धीच्या खेळात बुद्धीला सवडच न मिळालेली व्यक्ती दर वेळी जिंकते, याचा उल्लेख मात्र कोणी करत नाही. ती आत जाते म्हणून वडे येतात. ती बाहेर बसून पत्ते बघू लागली तर दोन्हीकडे नुकसान.

"पण हे कायद्यात बसतं का?" असं वहिनी दर वेळी विचारतात, आणि विचारतात तेव्हा त्या हरत असतात.

कायदा 1887 चा आहे, मुंबई जुगार प्रतिबंधक. जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं याची त्यात व्याख्या आहे आणि तिचा जीव एका गोष्टीत आहे: जागेवाल्याचा नफा. अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. आता आपल्या यजमानाकडे पाहा. वडे, दाण्याची चटणी, वेफर्स, दोन वेळा चहा, त्यातला एक बिनसाखरेचा, काकांना बारानंतर कोमट पाणी, रात्रभर एसी, आणि गादीवर सांडलेल्या चटणीची धुलाई. वर तो स्वतः सव्वाशे रुपये हरलेला. आपल्याच घरात उलटी नाल भरणारा हा माणूस कोर्टात उभा केला तर शिक्षा होईल की नाही ते वकील सांगतील, पण कोर्टात वर्गणी नक्की जमेल. गोव्याच्या मांडवीत तरंगणाऱ्या कसिनोंमध्ये म्हणे नेहमी घर जिंकतं. त्यांच्याकडे घर आहे, आपल्याकडे पाहुणचार आहे.

कसिनोचा विषय निघालाच म्हणून सांगतो. महाराष्ट्रानंही 1976 साली कसिनोचा कायदा केला होता. कर किती, परवाना कसा, सगळं लिहून ठेवलं होतं. राहिली फक्त अंमलात आणायची तारीख. ती एकाही सरकारनं जाहीर केली नाही आणि 2023 मध्ये तो कायदा न वापरताच रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षं ब्लाइंड, शेवटी पॅक. इतका संयम आमच्या टेबलावर कोणाकडे नाही.

कौशल्याच्या खेळाला 1887 च्या कायद्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली, सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात, रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरवला, आणि ते सांगताना तीन पत्तीचं उदाहरण नशिबाच्या बाजूला ठेवलं. तेव्हापासून रमीवाले आमच्याकडे संगीत नाटकवाल्यांनी तमाशाकडे बघावं तसे बघतात. आमच्या दिवाणखान्यात हा वाद डावागणिक निकाली निघतो. जिंकणाऱ्याचं कौशल्य, हरणाऱ्याचं नशीब. अपील नाही.

या बाबतीत ऋग्वेद फार कडक होता. दहाव्या मंडलात एक अक्षसूक्त आहे. त्यातल्या जुगाऱ्याचा सासू द्वेष करते, बायको त्याला दूर लोटते, आणि शेवटी त्याला सल्ला मिळतो की बाबा, फासे सोड आणि शेती कर. त्यानंतर काही हजार वर्षांनी, 2025 च्या जुलैत, महाराष्ट्राच्या विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्याच मोबाइलवर रमी उघडलेली दिसली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. काही दिवसांत त्यांचं खातं बदललं. नवीन खातं मिळालं क्रीडा. सूक्तकर्त्या ऋषीला ही सोय ठाऊक नव्हती. नाहीतर त्यानं शेतीचा आग्रह धरला नसता.

पुढच्याच महिन्यात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्या बंदीचा लाभ कोणाला झाला ते मला माहीत आहे. भाचा शनिवारी घरी येऊ लागला. त्याच्या आईला वाटतं, मुलाला नात्यांची ओढ लागली.

बारा-साडेबाराला शेवटचे तीन डाव जाहीर होतात आणि दीडपर्यंत चालतात. हरणारा माणूस शेवटचे मोजत नाही. मग हिशोब. काका निवृत्त झाले असले तरी त्यांच्यातली बँक झालेली नाही. ते वहीत दोन रकाने आखतात, प्रत्येकाच्या चिप्स मोजतात, आणि कोणी कोणाला किती द्यायचे ते सांगतात. चौदा रुपये, बावीस रुपये, नऊ रुपये यूपीआयनं फिरू लागतात. वहिनी प्रत्येक वेळी कारणाच्या रकान्यात 'दूध' लिहितात. त्यांच्या खात्याचा उतारा पाहिला तर बाई शनिवारी मध्यरात्री डेअरी चालवतात असं वाटेल.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एकेकाला गाठून विचारावं, काल कसं झालं? काका 'थोडे गेले' म्हणतात. वहिनी 'बरोबरीत सुटले'. वहिनींचे हे 'तीस-चाळीस गेले असतील'. भाचा म्हणतो, 'लाँग टर्म बघायचं असतं.' टेबलावरचा पैसा टेबलावरच फिरतो. एकाचा गेला तर दुसऱ्याला मिळायलाच हवा. तरी आमच्या इमारतीत आजवर कोणी जिंकल्याचं कबूल केलेलं नाही. यजमानीणबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, 'मी कुठे खेळले? मी आतच होते.'

गेल्या शनिवारचा हिशोब तर अजून मिटलेला नाही. काकांच्या वहीत सात रुपये जास्त येताहेत. 'हे कोणाचे?' असं त्यांनी रविवारी पहाटेच ग्रुपवर विचारलं. आतापर्यंत पाच जणांनी दावा केला आहे, आणि सहावे त्या रात्री आलेच नव्हते.