ठिपका हिरवा ठेवा

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये आधी टायपिंगचे क्लास होते, मग टॅलीचे आले, मग स्पोकन इंग्लिशचे. आता त्याच जिन्यांवर नवी पाटी झळकते आहे: घरबसल्या व्हर्च्युअल असिस्टंट व्हा, डॉलरमध्ये कमवा, प्रोफेशनल कम्युनिकेशन आणि एटिकेटसह. एटिकेटमध्ये बरंच काही येतं. मेलच्या विषयाच्या जागी विषयच लिहावा, सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये टाकून साहेबावर ओरडू नये, मीटिंगची वेळ सांगताना ती कुणाच्या घड्याळातली हेही सांगावं, नुसतं 'ओके' पाठवून गप्प बसू नये. यात वावगं काही नाही. 'बघतो की' एवढ्यात होकार, नकार आणि टोलवाटोलवी तिन्ही उरकणाऱ्या गावाला हे कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. फी वसूल झाली असं म्हणावं, तोवर शेवटच्या दिवशी खरा गुरुमंत्र मिळतो: काहीही करा, नावाशेजारचा ठिपका हिरवा ठेवा.

हा ठिपका म्हणजे काय, हे ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. स्लॅक, टीम्स अशा ऑफिसच्या मेसेज-अॅपवर असतो. हिरवा असला तर माणूस हजर, रंग गेला की माणूस गेला. टीम्सवर पाच मिनिटं कीबोर्डला किंवा माऊसला हात लागला नाही, की ठिपका पिवळा पडतो. म्हणजे ग्राहकाचा चाळीस पानी करार कुणी मन लावून वाचत बसलं, तर ते गैरहजर. त्याच्याच विमानाचं तिकीट बदलून घेण्यासाठी पाऊण तास फोन कानाला लावून बसलं, तरी गैरहजर. विचार करणं ही तर या पद्धतीत सरळ दांडी. उलट काही न करता माऊस इकडून तिकडे फिरवत राहिलेला माणूस दिवसभर हिरवागार. यावर जगानं तोडगाही काढला आहे. माऊस आपोआप हलवणारी यंत्रं मिळतात, आणि ज्यांना तो खर्च नको ते माऊस मनगटी घड्याळावर ठेवतात. सेकंदकाटा फिरतो, माऊसला हालचाल जाणवते, ठिपका हिरवा राहतो. संगणक, उपग्रह, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबल असा सगळा पसारा मांडून अखेर हजेरी लागते ती घड्याळाची!

ही पद्धत इतकी गुणाची असेल तर एकट्या असिस्टंटनंच तिचा लाभ का घ्यावा? कोल्हापूरभर लावू या. गुळव्याच्या फेट्यावर एक ठिपका बसवा. तो काहिलीकडे टक लावून बघत उभा असतो, पाक कधी उतरवायचा हे त्या बघण्यावर ठरतं; पण हात हलत नाही, तेव्हा पाच मिनिटांत पिवळा. मग मालकाचा मेसेज यावा: 'हाय, जस्ट चेकिंग इन!' त्याचं उत्तर देईपर्यंत पाक करपतो, पण उत्तर वेळेत गेलं, त्याला पाच तारे. तालमीत वस्तादांना ठिपका द्या. ते कट्ट्यावर बसून पोरांच्या लढती बघतात, बोलत नाहीत. म्हणजे दिवसाचे तीन तास अनुपस्थित. पैलवानानं डाव टाकण्याआधी दम धरला की अवे, टाकला की अव्हेलेबल, आणि खाली पडला तर ऑफलाइन. मिसळवाल्याचा कट रटरटत असताना त्यानं झाकण ठेवून स्वस्थ बसणं हा तर करारभंगच. अंबाबाईच्या किरणोत्सवात सूर्यसुद्धा यातून सुटायचा नाही. नोव्हेंबर आणि जानेवारीअखेर ठरल्या दिवशी मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात, चरणांपासून चढत जातात. ढग आले की ठिपका पिवळा, आणि किरणांचा अभ्यास करायला आलेल्यांऐवजी हातात हजेरीपुस्तक घेतलेला सुपरवायझर उभा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. ग्राहक ऑस्टिनला, असिस्टंट उचगावात. डोळ्यांना दिसत नाही, तर भरवसा ठेवायचा कशावर? प्रश्न रास्त आहे, पण कोल्हापूरला तो नवा नाही. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्री कित्येक वर्षं लांबलांबच्या कारखान्यांना कास्टिंग पुरवतात. घेणारा गेज लावतो, माप बघतो, आत पोकळी आहे का ते तपासतो. बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. मोल्डर दुपारी अडीच वाजता जागेवर होता का, असं कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर कास्टिंगमध्येच असतं. असिस्टंटच्या कामालाही गेज लागतं. इनबॉक्स निवडला गेला का, कॅलेंडरमध्ये दोन मीटिंगा एकमेकींवर चढल्या का, थकलेली बिलं मार्गी लागली का. हे तपासायला कष्ट पडतात, काय मागितलं होतं ते आठवावं लागतं. ठिपका बघायला काहीच लागत नाही. आळस ग्राहकाचा, शिस्त असिस्टंटची, अशी ही वाटणी आहे.

मापच हवं असेल तर ते पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीसारखं असावं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका; पंचगंगा काय म्हणते ते पट्टी सांगते आणि निम्मं शहर त्यावर बोऱ्याबिस्तरा हलवायचा की नाही ते ठरवतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी धोक्याच्या खुणेच्याही वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. अशा दिवशी ठिपका काय सांगतो? पिवळा. जेवायला उठलेली बाई पिवळी, घरात पाणी शिरलेली बाईही पिवळी. एटिकेटच्या वहीत मात्र याचंही उत्तर तयार असतं: अडचण सांगताना सूर सकारात्मक ठेवावा.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. डॉलर येतात, पुण्याला जावं लागत नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य जात नाही, घरातल्या म्हाताऱ्यांकडे बघून पोरगी कमावते. मग एका ठिपक्याचं एवढं काय? हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच राग येतो. या धंद्याचा खरा फायदा एकच होता, काम उरकलं की मोकळं. ठिपक्यानं तेवढाच नेमका काढून घेतला. न्यूयॉर्कचे नऊ ते पाच म्हणजे इथले संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसात ते साडेतीन. ज्या कामाला तीन तास लागतात त्यासाठी आठ तास हिरवं राहायचं, कुकरची शिट्टी झाली तर एका हातानं माऊस हलवत दुसऱ्यानं गॅस बंद करायचा, आणि याला म्हणायचं फ्लेक्सिबल. वर ही असिस्टंट कुणाची नोकर नाही बरं का, ती व्यावसायिक आहे. म्हणून सुट्टी नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. हजेरी तेवढी नोकराची.

आणि एटिकेट एकाच दिशेनं का वाहतं, हेही क्लासवाल्यांनी सांगावं. असिस्टंटनं पंधरा मिनिटांत उत्तर द्यावं हा शिष्टाचार. बिल पाठवल्यावर मात्र त्याच ग्राहकाचा ठिपका महिनाभर राखाडी. मग पोरीनं लिहायचं 'जेंटल रिमाइंडर'. पुढच्या आठवड्यात आणखी जेंटल. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागताना आवाज इतका खाली घ्यायचा की उसनवारी मागितल्यासारखं वाटावं! आपल्याकडे 2006 चा सूक्ष्म, लघु उद्योगांचा कायदा नोंदणी केलेल्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला सांगतो; पण सातासमुद्रापार बसलेल्या माणसाच्या दारात तो कायदा घेऊन कोण जाणार? कामाच्या वेळेनंतर मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सनं 2017 पासून दिला, ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट 2024 पासून. तोही नोकरांसाठी. आपल्या पोरी तर व्यावसायिक!

तेव्हा कायद्याची वाट बघू नका. करार करताना तीनच गोष्टी लिहून घ्या: काय काम करून देणार, मेसेजला किती तासांत उत्तर देणार, आणि बिलाचे पैसे किती दिवसांत येणार. तिसरी आधी लिहा. पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ मागा आणि मागताना जेंटल राहू नका. ठिपक्याबद्दल ग्राहकानं विचारलंच, तर कोल्हापुरी शिष्टाचाराला धरून एवढंच कळवा: काम झालंय, बघून घ्या.