बिनपाण्याने करू नये

दाढी ही सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या भाच्याला भेटावं. भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो आपल्यासारखीच दाढी करायचा. आता त्याला तिचा छंद लागला आहे. गेल्या दिवाळीत तो सोनगीरला आला, तेव्हा त्याची कपड्यांची बॅग लहान आणि दाढीची मोठी होती. ओट्यावर बसून त्याने चामड्याची एक गुंडाळी उलगडली. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश, तो ब्रश उलटा टांगायची खुंटी, जर्मन रेझर, चंदनाचा विलायती साबण, आधी लावायचं तेल, नंतर लावायचं पाणी. शेजारच्या आजी बघायला आल्या.

"हाई काय शे रे भाऊ? कितलाना शे?"

भाच्याने आकडा सांगितला. आजी काही बोलल्या नाहीत. एवढ्यात दुभती शेळी येते, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं.

या सरंजामात एका गोष्टीची उणीव आहे, हे चार दिवसांत भाच्याच्याही ध्यानात आलं आणि जाताना तो आमच्या आप्पांची पितळी वाटी घेऊन गेला. मला विचारलं नाही, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो आहे. असो. वाटी गेली, निदान तिचा वापर तरी शास्त्रोक्त व्हावा, म्हणून हे मार्गदर्शन. छंदिष्ट लोक ज्यांचं नावही काढत नाहीत अशाच वस्तूंचा यात विचार केला आहे. इतर वाचकांनी लाभ घ्यायला हरकत नाही.

नियम १ : पाणी. कुणाला बेदम सुनावलं की त्याची 'बिनपाण्याने केली' असं आपण म्हणतो. साबणाशिवाय केली, असं कुणी म्हणत नाही. यातच सगळं आलं. संत सेना महाराज जातीने न्हावी. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात आरसा आहे, चिमटा आहे, डोई घोळायला पाणीही आहे. साबण मात्र कुठे नाही. 'घोळणे' हा खास शब्द आहे. नुसता हात ओला करून फिरवणं म्हणजे घोळणं नव्हे. केस पाणी पितो, मग मऊ होतो, आणि त्याला पाणी प्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवायला भाच्याने साडेचारशे रुपयांचं तेल घेतलं आहे.

पाणी कोणतं, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यात साबणाचा फेसही होत नाही. पाण्यातला चुना साबणाला धरतो आणि वाटीत फेसाऐवजी पांढरी साय जमते. भाच्याच्या विलायती साबणाची पहिल्या दिवशी अशीच साय झाली आणि तो साबणाला दोष देत बसला. उपाय सोपा आहे. पाणी खळखळून उकळावं, निवू द्यावं, तळाचा पांढरा गाळ तळाशीच ठेवून वरचं पाणी घ्यावं. सगळाच जडपणा जात नाही, पण फेसापुरता जातो. आप्पा पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी हंड्यात धरायचे. घरच्यांना वाटायचं पिण्यासाठी. ते आप्पांच्या दाढीसाठी असायचं.

नियम २ : वाटी. इथे जरा सावकाश वाचावं.

सोनगीर धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला वीसेक किलोमीटर. वर किल्ला, खाली गाव, आणि गावाचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. माझ्या लहानपणी सकाळी कोंबडा एकदाच आरवायचा, पुढचं सगळं काम तांबटांचे हातोडे करायचे. पत्रा ठोकला की कडक होतो. म्हणून तो पुन्हा भट्टीत तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. शेवटी मठारायचा, म्हणजे अंगभर सारखे ठोके घालून त्याला ताठपणा आणि चकाकी आणायची. पुढे घरोघरी स्टील आलं. बायकांनी हंडे मोडीत घातले, वजनावर पैसे घेतले आणि हलक्या भांड्यांनी मांडण्या भरल्या. आता शहरातले लोक तांब्याच्या बाटलीतून पाणी पितात आणि त्याचे फोटो काढतात. काढोत बापडे, चार हातोडे चालू राहतात.

आप्पांची वाटी त्या मोडीतून वाचली. कारण मोड घालायच्या दिवशी तिच्यात फेस होता.

तिचे गुण असे. पहिला, वजन. ब्रश फिरवताना स्टीलची वाटी सगळ्या ओट्यावर हिंडते, ही जागची हलत नाही. दुसरा, आतले मठाराचे ठोके. गुळगुळीत भांड्यात ब्रश नुसता घसरतो, त्याला कुठेतरी अडायला लागतं, तेव्हा फेस चढतो. परदेशात मुद्दाम आतून वळ्या पाडलेले वाडगे विकतात, हे मला भाच्यानेच सांगितलं. आमच्या तांबटाने त्या फुकट दिल्या होत्या. तिसरा गुण, ऊब. पितळ लवकर तापतं, पण लवकर निवतंही, हे तिचा पक्ष घेतानासुद्धा कबूल करायला हवं. म्हणून आप्पा गरम पाण्याच्या तांब्याच्या तोंडावर ती बसवायचे. खालून वाफ, वर फेस. डिसेंबरात खानदेशात हाडं वाजतात, त्या दिवसांत हा फेस गालाला लागला की माणूस बायकोशीही गोड बोलतो. यासाठी बाहेर दुहेरी भिंतीचं भांडं मिळतं म्हणे, गरम पाणी मधल्या पोकळीत ओतायचं. तांब्या आणि वाटी मिळून तेच झालं, आणि नंतर तांब्यात पाणीही पिता येतं.

आता जपणूक. आतून कल्हई हवी. पितळेत तांबं आणि जस्त असतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साबणाचंही तसंच. ओला साबण रात्रभर राहिला की कडेने हिरवं धरतं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाच्या बोळ्याने पुसत न्यायचं. धूर नाकात गेला की डोळ्यांत पाणी येतं. लहानपणी मी तो धूर मुद्दाम घ्यायचो. पुण्यात कल्हईवाला शोधायला भाच्याला ॲप लागेल. इथे दारातून हाक मारली की भागतं.

नियम ३ : वर्तमानपत्र. जगातल्या कुठल्याही दाढीच्या पुस्तकात याचा उल्लेख नसेल, आणि याच्याशिवाय आमच्या गल्लीत आजवर एकही दाढी झालेली नाही. पानाचा चतकोर तुकडा डाव्या हाताशी ठेवावा. पात्यावरचा फेस प्रत्येक ओढीनंतर त्यावर पुसावा. यामुळे तांब्यातलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. दुष्काळी मुलखाचं हे शहाणपण आहे. नळ सोडून ठेवणाऱ्यांना ते समजणार नाही.

कागदाची निवड महत्त्वाची. आतली साधी पानं घ्यावीत, गुळगुळीत पुरवणी फेस धरत नाही. पंचांगाचं पान आणि देवाचा फोटो टाळावा. निधन वार्ता आधी वाचून घ्याव्यात. आप्पांनी एकदा आपल्याच वर्गमित्रावर फेस पुसला होता. दिवसभर जेवले नाहीत. प्रस्तुत लेख खरबरीत कागदावर छापला गेला, तर त्याचाही उपयोग होण्यासारखा आहे.

नियम ४ : तुरटी. दहा रुपयांचा खडा मुलाच्या मुंजीपासून लग्नापर्यंत पुरतो. दाढीनंतर ओल्या गालावर फिरवावा. जिथे झोंबेल तिथे आपला हात चुकला, जिथे झोंबणार नाही तिथे बरोबर. एवढी रोखठोक गुणपत्रिका आम्हाला शाळेतही मिळाली नाही. रक्त थांबतं, आणि गढूळ पाण्यात फिरवली तर गाळही खाली बसतो. तुरटी कोरडी करून ठेवावी, आणि पितळी वाटीत कधीही ठेवू नये. तुरटी आंबट, ती धातूला खाते. पुण्याला हे ठळक अक्षरांत कळवावं.

नियम ५ : आरसा. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला, कोपरा फुटलेला. उजेड आपल्या तोंडावर पडायला हवा, आरशाच्या नाही.

नियम ६ : पातं. इथे भाच्याला थोडं श्रेय देतो. किंग जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाला १९०४ साली फेकून द्यायच्या पात्याचं पेटंट मिळालं. तोवर माणसं वस्तरा निसण्यावर घासत, चामड्यावर पाजळत आणि नातवाला ठेवून जात. जिलेटसाहेबांचा हिशेब होता की पातं बोथट झालं की लोक फेकतील. त्यांना आप्पा भेटले नव्हते. आप्पा पातं काचेच्या ग्लासात घालून बोटाने आतल्या बाजूवर घासायचे, एका पात्यात महिना काढायचे. त्यानंतर ते पातं आईच्या शिवणाच्या डब्यात जायचं, उसवायला. मग आमच्या कंपासात, पेन्सिलीला. पात्याला वानप्रस्थ होता, संन्यास नव्हता.

त्या ग्लासातल्या पात्याने दाढी कशी व्हायची? वाईट व्हायची. खोटं का बोला. आप्पांच्या हनुवटीवर कायम कागदाचे दोन कपटे चिकटलेले असायचे. हा नियम कुणी पाळू नये.

नियम ७ : वार. शनिवारी नाही, अमावस्येला नाही, एकादशीला नाही. आळसाला एवढा धार्मिक आधार दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही.

नियम ८ : ओठावर पातं असताना होकार देऊ नये. हा सर्वांत महत्त्वाचा नियम. वरच्या ओठाची दाढी करताना माणूस ओठ आत ओढतो, आणि त्याला 'हं'शिवाय दुसरा शब्द बोलता येत नाही. हे आमच्या आईला लग्नानंतर आठवडाभरात कळलं. पुढची चाळीस वर्षं घरातले सगळे मोठे निर्णय सकाळी पावणेआठला, ओट्यावर, आप्पा ओठावर आले की झाले. शिलाई मशीन घ्यायचं? हं. माझी शाळेची सहल? हं. ताईला शिरपूरचं स्थळ आलंय, मुलगा बरा आहे, कळवू का? हं. आप्पांनी तोंड धुऊन "कोणाचं स्थळ?" विचारलं, तोवर पोस्टकार्ड गेलं होतं. म्हणजे हा भाचा मुळातच एका दाढीचं फळ आहे. त्याला छंद लागला यात नवल नाही.

आता वाटीबद्दल. मला विचारलं नव्हतं, असं मी वर म्हटलं. भाचा म्हणतो, विचारलं होतं. प्रसंग असा, की निघायच्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले पाहून मी त्याची चामड्याची गुंडाळी उघडली होती. नुसतं पाहावं म्हणून. ते जर्मन रेझर गालावरून असं गेलं, जसं बैलपोळ्याला आंघोळ घातलेल्या बैलाच्या पाठीवरून हात जातो. मी ओठावर असताना मागून आवाज आला, "मामा, ही वाटी नेऊ का?"

परवा सकाळी त्याचा फोन आला. वाटीला कडेने हिरवं धरलंय, काय करू? फोन बायकोने माझ्या कानाला लावला होता. "दिवाळीला येतो तेव्हा आणतो, कल्हई लावून परत नेली तर चालेल ना, मामा?"

मी ओठावर होतो.