चालू वर्तमानकाळ, मुक्काम नागपूर

मराठी माध्यमाच्या दहावीच्या परीक्षेत इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेवर ‘तृतीय भाषा’ असे छापलेले असते. ही गणना इतरत्र बरोबर असेलही, परंतु नागपुरात ती पडताळून पाहणे आवश्यक ठरते. महाल किंवा इतवारीतल्या घरातील मूल प्रथम नागपुरी बोलीत बोलू लागते. शाळेत गेल्यावर त्याला कळते की, आपण बोलतो ते निराळे आणि मराठी नावाचा विषय निराळा. मधल्या सुटीत ते जी हिंदी सहज फेकते ती हिंदीच्या तासाला चुकीची निघते. आणि हे शहर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असल्यामुळे हिंदी येथे पाहुणी नसून भाऊबंदकीतली आहे. या हिशेबाने इंग्रजी पाचवी भाषा ठरते. बोर्डाने दोन भाषांची सवलत दिली, एवढेच.

इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय राज्यात २००० साली झाला, त्यापूर्वी ती पाचवीत भेटत असे. म्हणजे पूर्वी जी धास्ती सहा वर्षांत बसे, ती आता दहा वर्षांत सावकाश बसते. अध्यापनाची रीत मात्र बऱ्याच वर्गांतून जुनीच राहिली. तिला व्याकरण-भाषांतर पद्धती म्हणतात: आधी नियम पाठ करावा, मग मराठी वाक्याचे इंग्रजी करावे आणि परीक्षा झाल्यावर दोन्ही विसरावे.

या पद्धतीचा खरा कस लागतो तो चालू वर्तमानकाळात. बोलण्याच्या क्षणी जी क्रिया संपलेली नसते ती दाखवणारा हा काळ असून, ‘चालू’ या शब्दाला लबाड असाही अर्थ असल्याने त्याचे नाव उच्चारताच मागच्या बाकांवर खसखस पिकते. फळ्यावर ‘ही इज गोइंग’ आणि त्यापुढे ‘तो जात आहे’ असे लिहिले जाते. अडचण अशी की, ‘जात आहे’ हे रूप त्या मुलाने आकाशवाणीच्या बातम्या सोडल्यास कोणाच्याही तोंडून ऐकलेले नसते. त्याच्या घरी, गल्लीत आणि पानठेल्यावर माणूस ‘जाऊन राहिला’ असतो. ‘काय करून राहिला बे?’ या प्रश्नाला ‘जेवून राहिलो’ हे सरळ उत्तर असते, आणि ‘पाऊस येऊन राहिला’ हे वाक्य ऐकून पुण्याच्या पाहुण्याला पाऊस भाड्याने खोली घेऊन राहिल्याचा भास झाला तरी नागपूरकर निमूटपणे दोरीवरचे कपडे काढू लागतो.

वास्तविक मुख्य क्रियापदाच्या ऊन-प्रत्ययी रूपाला ‘राहणे’ जोडून सिद्ध होणारी ही रचना इंग्रजीच्या ‘इज गोइंग’शी तंतोतंत जुळते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची दखल स्वतंत्रपणे घेतली गेली. शाळेने मात्र ती लाल शाईनेच घेतली. परिणामी विद्यार्थ्याला आधी ‘जाऊन राहिला’चे ‘जात आहे’ करावे लागते आणि मग ‘जात आहे’चे ‘इज गोइंग’, म्हणजे सीताबर्डीहून धरमपेठेत जाण्यासाठी व्हाया पुणे तिकीट काढावे लागते.

बोलीचे हे भांडवल कधी अंगलटही येते, हे नाकारता येत नाही. ‘समजून राहिलं का?’ याचे ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ असे भाषांतर मुलगा निर्धास्तपणे करतो आणि गुण गमावतो, कारण जाणणे, आवडणे, जवळ असणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना, म्हणजे ज्यांत कृती नसून अवस्था असते त्यांना, इंग्रजी सहसा ‘आयएनजी’ लावू देत नाही. या क्रियापदांची यादी ज्या ‘रेन अँड मार्टिन’मध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली, त्यातील पी. सी. रेन हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे वाळवंटातील फ्रेंच फौजेवर ‘बो जेस्ट’ नावाची साहसकादंबरी लिहून गाजले. वाळवंटाचा त्यांना असा लळा असल्याने नागपूरचा मे महिना त्यांना खचित मानवला असता.

मे महिन्यामुळेच दुसरी एक अडचण उद्भवते. इंग्रजी ही थंड देशात वाढलेली भाषा असल्याने तिच्यात जे जे प्रेमळ ते ते गरम असते. स्वागत ‘वॉर्म’, मन ‘वॉर्म’, पत्राच्या शेवटी नमस्कारही ‘वॉर्म’. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतून घामाघूम झालेल्या मुलाला पाहुण्याचे ‘वॉर्म वेलकम’ करण्यास सांगणे म्हणजे त्या पाहुण्याला उन्हात उभे करण्यास सांगणे होय. या प्रदेशात आदरातिथ्याची सुरुवात माठातल्या पाण्याने आणि पन्ह्याने होते, तर इंग्रजीत ‘कोल्ड वेलकम’ हा अपमान समजला जातो.

या उन्हापायीच विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या उघडल्यावर इंग्रजीच्या शिक्षकांनी ‘ही इज गोइंग’ या वाक्यापुढे ‘तो जाऊन राहिला’ असे एकदा लिहून पाहावे; तपासणीला साहेब येऊन राहिले असे दिसलेच, तर डस्टर हाताशी असतोच.