तीन फुलं आणि एक खडूस

गुडघ्यानं घरी बसवलं, तेव्हा भाचीनं इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांची पिशवी आणून दिली. आठवड्यात पाच संपवल्या.

कोलीन हूव्हरच्या ‘इट एंड्स विथ अस’ची (2016) नायिका लिली ब्लॉसम ब्लूम. लिली, मोहोर आणि बहर, तिन्ही एकाच बाईत. ती करते काय? तर फुलांचं दुकान काढते. हा न्याय आपल्याकडे लावला असता, तर समस्त कुलकर्णी अजून दप्तरं लिहीत बसले असते. (पुढे गोष्ट नवऱ्याच्या मारहाणीकडे वळते आणि हसू गिळावं लागतं, हेही खरं.)

अली हेझलवूडच्या ‘द लव्ह हायपोथिसिस’मध्ये (2021) स्टॅनफर्डची पीएचडीवाली मुलगी आपलं कुणाशी तरी जुळलंय अशी मैत्रिणीची खात्री पटावी म्हणून समोर येईल त्या पुरुषाचं चुंबन घेते. तो निघतो विभागातला सर्वांत खडूस प्राध्यापक. आम्हाला गाइडची नुसती सही मिळवायला तीन महिने लागायचे! ही कथा मुळात ‘स्टार वॉर्स’च्या फॅन फिक्शनमधून उगवली, म्हणजे खडूस सरांच्या मुळाशी अंतराळातला खलनायक. हे कळलं आणि आमच्या गाइडचाही उलगडा झाला.

बाकी नायक सगळे ताडमाड, जबडा कोरीव, आणि ॲसिडिटी एकालाही नाही. घरभाडं कोण भरतं, हे तर विचारूच नये.

भाची पिशवी न्यायला आली, तेव्हा सहावी माझ्या उशीखाली होती.

“मावशी, एक कमी आहे गं.”

“असेल तुझ्याकडेच. असलं कोण वाचतं!” मी म्हटलं. “परवा ये, शोधून ठेवते.”