मा. ०.९८ यांस अनावृत पत्र

मा. ०.९८ साहेब यांस,
स. न. वि. वि.

यंदाही सगळ्या जर्नलांतून आपण बिनविरोध निवडून आलात, त्याबद्दल अभिनंदन. पॉलिटेक्निकच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये बाहेरचा परीक्षक म्हणून जाणं होतं. जर्नल उघडावं, व्हेंच्युरीमीटरचा प्रयोग काढावा, तर शेवटच्या ओळीत डिस्चार्जचा गुणांक (प्रत्यक्ष आलेलं पाणी भागिले हिशोबानं यायला हवं ते पाणी) म्हणून आपण हजर. पंप चालू असो की मोटर वाइंडिंगला गेलेली असो, आपल्या तब्येतीत फरक नाही. एके ठिकाणी तर मॅनोमीटरमधला पारा केव्हाच गळून गेला होता. काचेच्या नळीत कोळ्यानं जाळं केलेलं, पण निरीक्षण तक्त्यात पाऱ्याचा फरक मिलिमीटरपर्यंत चोख. चौकशी केली तेव्हा मुलगा निरागसपणे म्हणाला, "सर, मागच्या बॅचचं रीडिंगच चालतं."

चालतंच. आधी आपल्याला शेवटच्या ओळीत बसवायचं, मग उलटं गणित करत पाऱ्यापर्यंत यायचं. या पद्धतीला परंपराही थोर आहे. डॅनियल बर्नोलीनं 'हायड्रोडायनॅमिका' १७३८ साली छापली. त्याच्या वडिलांनी, योहाननी, याच विषयावरचं स्वतःचं पुस्तक नंतर काढलं आणि त्यावर साल टाकलं १७३२, म्हणजे श्रेय पोराच्या आधी आपल्याला. मागच्या तारखेनं सबमिशन करणाऱ्या आमच्या मुलांना उगाच बोल लावू नये, एवढंच म्हणतो.

इटलीच्या व्हेंच्युरीनं अरुंद होत जाणाऱ्या नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास १७९७ साली प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेतल्या क्लेमेन्स हर्शेल नावाच्या इंजिनिअरनं १८८०च्या दशकात त्यातून पाणी मोजायचं यंत्र बनवून त्याला व्हेंच्युरीचं नाव दिलं. यंत्र साधं आहे. पाइप मध्ये आवळलेला, पुढं हळूहळू पुन्हा रुंद. गळ्याचा व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं, वेग चौपट आणि वेगाचा हेड सोळापट. हा हेड येतो दाबातून, म्हणून गळ्यात दाब उतरतो.

तोंडी परीक्षेत मी एवढंच विचारतो : गळ्यात दाब वाढतो की घटतो? "वाढतो सर, जागा कमी पडते ना!" दहातले सात तरी असंच सांगतात आणि तेही छातीठोकपणे. समोरच्या पानावर आपण विराजमान असताच. साहेब, ज्याला दाब कुठं पडतो ते ठाऊक नाही, त्याच्या घरी आपण उतरताच कसे?

उत्तर खरं तर त्याच्या नाकासमोर असतं. व्हॉल्व्ह थोडा उघडला की मॅनोमीटरमध्ये पाइपाकडच्या नळीतला पारा खाली बसतो आणि गळ्याकडचा वर चढतो. आणखी उघडा, आणखी चढतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा ते जन्मात विसरणार नाही. पण एका सेटभोवती अख्खी बॅच. एक जण व्हॉल्व्ह फिरवतो, एक स्टॉपवॉच धरतो, उरलेले फळ्यावरच्या तक्त्याचा फोटो काढतात.

माझी तक्रार आपल्या खरेपणाबद्दल नाही. नीट बनवलेल्या, नीट राखलेल्या मीटरला आपण येता, आणि एकाला जे दोन शतांश कमी पडतात ते घर्षणानं खाल्लेले असतात. शेजारच्या ऑरिफिस मीटरचे ०.६२ हेही आपल्याइतकेच खरे. चकतीच्या भोकातून सुटलेली धार पुढं आणखी आकसते, म्हणून ते इतके उतरतात. तक्रार ही, की आपल्या भीतीनं बाकीचे आकडे लॅबमध्ये पाऊल टाकत नाहीत. आणि शिकवतात तर तेच.

०.८३ आला? कलेक्टिंग टँकचा खालचा व्हॉल्व्ह गळतोय का बघा; पाणी निसटतं, पातळी सावकाश चढते, डिस्चार्ज कमी भरतो. १.०७ आला? मग हिशोबापेक्षा जास्त पाणी आलं, हे निसर्गाला मान्य नाही. स्टॉपवॉच लवकर थांबवलं असेल, नाहीतर मॅनोमीटरच्या नळ्यांत हवा अडकली असेल. ती आधी काढायची असते, हे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर असतं, आणि पहिलं पान वाचायचं नसतं. ०.९४ तर माझा लाडका. पाऱ्याचा फरक १० सेंमी आला की पोरं १३.६नं गुणतात. पण पाऱ्याच्या डोक्यावर दोन्ही नळ्यांत पाणी उभं असतं, म्हणून गुणायचं १२.६नं, हेड भरतो १.२६ मीटर. तेवढ्या एका चुकीनं आपले ०.९८ थेट ०.९४वर येतात. ही चूक सापडली की मॅनोमीटर समजला, असं मी खुशाल लिहून देतो.

उद्या हीच मुलं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात बसणार. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही अशी तक्रार आली, की लाइनवर गेज लावून दाब बघण्याआधी मोठा पंप सुचवणार. वर पाणी न्यायला दर १० मीटरला साधारण १ बार दाब लागतो, हे त्यांच्या जर्नलात सुवाच्य अक्षरात आहे.

तरी हात जोडून विनंती, की यंदा आपण रजा घ्यावी. विद्यार्थ्यांनाही इथंच कळवून ठेवतो : ०.८३ आणून तो का आला हे मला उपकरणापाशी उभं राहून दाखवणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. आपल्याला घेऊन येणाऱ्यानं पंप चालू करून, माझ्यासमोर, पुन्हा रीडिंग घ्यायचं.

आपला नम्र,
एक बहिःस्थ परीक्षक